आधी आत्मविश्वास की आधी रेषा?

बालचित्रकला-स्पर्धेचा पारितोषिक-समारंभ आटोपल्यावर मुलाची चित्रवही हाती धरून उभ्या असलेल्या एका सद्गृहस्थांनी शिक्षकांना केलेली विनंती सहज कानी पडली : “गुरुजी, याचा हात बरा आहे, आत्मविश्वास तेवढा नाही. तो आला, की हा चित्रकार झालाच म्हणून समजा.” वाक्य निरुपद्रवी होते, तरी ते मनात सलत राहिले, कारण आत्मविश्वास ही चित्रारंभापूर्वीच पदरी असावयाची वस्तू आहे आणि ज्याच्यापाशी ती नाही त्याने कुंचल्याला हात लावण्याची घाई करू नये, असा जो समज त्यात गृहीत धरला होता, त्याने किती होतकरू हात उंबरठ्यावरच थिजले असतील, हा विचार अस्वस्थ करणारा होता.

सरावाने हात वळतो, हे सांगावयास नवे प्रमाण नको. रोज एकाच बांधावरून ये-जा करणाऱ्याला वहिवाटीने वाटेचा हक्क मिळावा, तसा नित्य रेखाटणाऱ्याला धीर मिळतो, अशीच माझी धारणा होती. मात्र स्वतःविषयीचा विश्वास आणि साधनाविषयीचा विश्वास यांत मी नेहमी भेद करीत आलो आहे. पहिला स्तुतीने फुगतो व टीकेने ओसरतो. दुसरा कागद, पाणी आणि रंग यांचा स्वभाव ओळखल्याने येत असल्यामुळे कोणाच्या शब्दाने हलत नाही.

जलरंगात आकाशाचा सपाट वॉश देण्याचे साधे काम घ्या. फळी किंचित कलती ठेवून, भरल्या कुंचल्याने वरच्या बाजूस आडवा पट्टा ओढावयाचा आणि त्याच्या खालच्या कडेशी साचलेले रंगाचे पाणी पुढल्या पट्ट्यात उतरवीत तळापर्यंत न्यावयाचे, एवढाच त्याचा तपशील. परंतु मध्येच कोठे फिकट ठिपका दिसला, की नवशिका कासावीस होऊन अर्धवट सुकलेल्या जागी पुन्हा ओला कुंचला टेकवितो, आणि ते नवे पाणी सुकत आलेल्या रंगाला बाजूस लोटून कातरलेल्या कडांचा डाग उमटविते. त्या क्षणी उत्तेजनपर भाषण निरुपयोगी असते. कागद बोटाला गार लागेनासा होईपर्यंत हात आवरावा, हे ज्याला अनुभवाने कळले त्याचे भय आपोआप नाहीसे होते.

माझे एक चित्रकार स्नेही या सर्व विवेचनाला हरकत घेतात. सवय ही प्रतिभेची वैरीण असून ठराविक वेळी मेजाशी बसणारा माणूस कारकून होतो, कलावंत होत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांच्या म्हणण्याचा पूर्वार्ध मला मुळीच मान्य नाही. स्फूर्तीची वाट पाहत बसलेल्याच्या दारी ती आली तरी तिला उतरवून घेण्यास त्याचा हात सिद्ध नसतो. उत्तरार्ध मात्र इतक्या सहजी झटकता येत नाही. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांसाठी घोटून घोटून तयार झालेला विद्यार्थी मुक्तहस्तचित्रातील वळणे दोन्ही बाजूंस अचूक जुळवितो. पण त्याच्यापुढे जास्वंदीची खरी फांदी ठेवली, तर प्रेक्षकाकडे वळून आखूड दिसणाऱ्या पानाशी त्याची पेन्सिल अडते, आणि तो पाहिलेले पान सोडून पाठ केलेले पान काढतो. तेथे हात सरावलेला असतो. डोळा मात्र अजून कामाला लागलेला नसतो.

    

स्नेह्यांशी चाललेल्या या वादात मला वारंवार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आठवतो. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात त्याने चित्रकार होण्याचा निश्चय केला आणि शार्ल बार्गच्या रेखनपाठांचे तक्ते गिरविण्यास आरंभ केला. त्यापूर्वी कलाविक्रेत्याकडील नोकरी सुटली होती, धर्मप्रचारकाचे कामही टिकले नव्हते. आत्मविश्वासाला जामीन राहील असे त्याच्यापाशी काहीही नव्हते. पुढे ‘सूर्यफुले’ रंगवून झाल्यावर, १८९० साली, आयुष्याच्या अखेरच्या उन्हाळ्यात, त्याने फ्रान्समधील ऑव्हेरहून आपला भाऊ थिओ याला पत्र लिहून बार्गचे कोळशाने रेखाटावयाचे पाठ पुन्हा गिरविण्यासाठी मागविले.

ही गोष्ट माझ्या मूळ धारणेलाही पुरती अनुकूल नाही. दहा वर्षे अहर्निश राबलेल्या माणसाचा धीर जर संचित होऊन राहत नसेल, तर सवयीने आत्मविश्वास येतो हे माझे प्रतिपादनही अपुरे ठरते. सवय एवढेच करते, की आत्मविश्वास नसतानाही काम अडत नाही. आणि कलेच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे, किंबहुना तेच इष्ट आहे, असे आता मला वाटू लागले आहे. शंका पुरती निमाली की माणूस पाहणे सोडतो, आणि पाठ केलेले पान येथूनच चित्रात शिरते. म्हणून त्या सद्गृहस्थांच्या मुलाला आत्मविश्वास देण्याच्या खटपटीत गुरुजींनी पडू नये. त्याला रोजचा थोडा वेळ नेमून द्यावा, तक्ता गिरवून झाल्यावर समोरची एक तरी वस्तू पाहून काढावयास लावावी, आणि वही तपासताना “चांगले जमले” म्हणण्याऐवजी “आज तुला यात काय दिसले?” असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या मुलाला स्वतःच्या योग्यतेची चौकशी करीत बसण्यास सवड उरणार नाही, आणि आरंभीच्या काळात त्याला याहून मोठे साह्य कोणी करू शकत नाही.