चारित्र्याचा दाखला

धर्मगुरूंकडे लोक नाना तऱ्हेचे कागद मागण्यास येतात. कोणास बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणास लग्नाचा, आणि अधूनमधून कोणास चारित्र्याचा. पहिल्या दोहोंसाठी नोंदवही उघडावी लागते. तिसऱ्यासाठी काहीच उघडावे लागत नाही. दोन ओळी लिहून सही-शिक्का केला की काम झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यात तर दोन ओळींचीही गरज नसते. 'वर्तणूक' या रकान्यात जेमतेम एक शब्द मावतो. असे शब्द आमच्या हातून पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील एका शब्दाचा जाब आम्हांस तोरणमाळ येथे, एका कादंबरीच्या निमित्ताने द्यावा लागला. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

तोरणमाळ हे सातपुड्यातील पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. शहाद्याहून घाट चढून आलेले पर्यटक यशवंत तलाव व सीताखाईची दरी पाहून माघारी जातात. आम्हांस मात्र तेथील नववी-दहावीच्या काही मुलामुलींना सुट्टीच्या दिवसांत मराठी शिकविण्याचा योग आला. ही मुले पावरा व भिल्ल कुटुंबांतील. त्यांच्या घरची बोली वेगळी, आणि मराठी ही त्यांची शाळेत भेटलेली भाषा. 'स्वभावचित्र रेखाटा' या प्रश्नाचे उत्तर त्यांना तोंडपाठ होते. कोणत्याही पात्रासाठी 'प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक' ही तीन विशेषणे, आणि पात्र दुष्ट असल्यास त्यांच्या उलट तीन. मार्गदर्शक पुस्तकांनी एवढी सोय करून ठेवली होती. म्हणून आम्ही एका पेटीत वीसेक मराठी कादंबऱ्या घालून वर नेल्या आणि सांगितले, "ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी."

यावर आमच्याच एका बंधू धर्मगुरूंनी रास्त शंका काढली. मुलांच्या हाती निवड द्यावी काय? वाईट पुस्तक निवडले तर? आणि दुर्जनांच्या मनात शिरण्याची सवय लागून बरेवाईट ओळखण्याची धार बोथट झाली तर?

ही भीती जुनी आहे. व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' १८६२ साली प्रसिद्ध झाली. भाकरी चोरणारा कैदी आणि त्याला चांदीच्या भांड्यांसह क्षमा देणारा बिशप हे तिच्या आरंभीचे चित्र. ख्रिस्ती क्षमेचे एवढे प्रभावी दर्शन क्वचितच घडते. तथापि १८६४ साली आपल्याच ख्रिस्तसभेने तिला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले आणि १९५९ पर्यंत ती तेथेच राहिली. पुढे १९६६ साली ती यादीच निरस्त झाली. याउलट दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी माणसाच्या जडणघडणीतील साहित्याच्या स्थानाविषयी एक पत्र लिहिले. १९६४ व १९६५ या वर्षी ते अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत असत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे प्राचीन काव्य होते, मुलांना मात्र लोर्का हवा होता. तेव्हा 'एल सिद' घरी वाचावयाचे आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक, अशी तडजोड त्या तरुण शिक्षकाने केली. पुढे मुले आपण होऊन इतर साहित्याकडे वळली, असे ते या पत्रात नमूद करतात.

निवडीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. माणसाचे शील त्याच्या निवडीतून प्रकट होते, हे ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त सांगून ठेवले आहे. ज्या मुलाला पुस्तकही निवडू दिले जात नाही, त्याला दुसऱ्याची निवड पारखण्यास कसे शिकवावे? शिवाय मुलाने स्वतः निवडलेल्या पुस्तकाचे तयार उत्तर बाजारात मिळेलच असे नाही, आणि पुष्कळदा ते शिक्षकाजवळही नसते. त्यामुळे शिक्षकाचा प्रश्न खरा प्रश्न होतो. आम्ही प्रत्येकास चारच प्रश्न दिले. त्या माणसाने काय केले? त्याला दुसरे काय करता आले असते? त्याची किंमत कोणी मोजली? इतर लोक त्याच्याविषयी जे बोलतात ते खरे आहे काय? विशेषणे शेवटी लिहावयाची, आणि लिहावीशी वाटली तरच.

एका मुलाने 'बनगरवाडी' उचलली. कारण विचारता म्हणाला, "फादर, यात मेंढरं आहेत." व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका तरुण मास्तराची ती कथा आहे. मुलाने मास्तराची व्यक्तिरेखा निवडली आणि लिहिले, 'मास्तर आधी वाडीचा झाला, मग मास्तर झाला.' ते वाचून आम्हांस समाधान वाटले. पण कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो, धनगर मेंढरे घेऊन वाडी सोडतात, शाळा ओस पडते. त्या ठिकाणी अडखळून मुलाने विचारले, "फादर, मग त्या पोरांच्या दाखल्यावर काय लिहिलं असेल?"

आम्ही गप्प राहिलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेची जबाबदारी आमच्याकडे असताना दिवाळीनंतर एक मुलगा येईनासा झाला. पुढच्या पावसाळ्यात त्याचा बाप दाखला मागण्यास आला. आम्ही रकान्यात 'अनियमित' असे लिहिले आणि सही केली. ते कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले होते, हे आम्हांस नंतर समजले. विचारले असते तर त्याच दिवशी समजले असते. शब्द खोटा नव्हता, मुलगा खरोखरच गैरहजर होता. परंतु हजेरीपटावरचे एक सत्य आम्ही त्याच्या स्वभावावर नेऊन चिकटविले. आमच्या चार प्रश्नांपैकी एकही आम्ही त्या बापाला विचारला नव्हता.

असा एक शब्द पुढे कोठवर जातो, हे दुसऱ्या एका मुलीच्या निवडीने दाखविले. तिने अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) घेतली होती. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो १९५२ साली रद्द झाला. माणूस जन्मण्यापूर्वीच त्याच्या चारित्र्याचा दाखला लिहून ठेवणारे ते सरकार होते. अशा काळातला फकिरा उपासमारीने मरणाऱ्यांसाठी धान्य लुटतो. मुलीने लिहिले, 'त्याने लुटले हे खरे. न लुटता कोण जगले असते, हे पुस्तकात सापडले नाही.' संत थॉमस अक्विनास यांनी पराकाष्ठेच्या गरजेत घेतलेल्या अन्नास चोरी म्हणता येत नाही असे प्रतिपादिले आहे. सेमिनरीत आम्ही ते पाठ केले होते. त्या मुलीने ते नाव ऐकलेले नव्हते, आणि तरी त्याच दारापाशी ती येऊन पोहोचली.

मग समजून घेणे म्हणजे सर्वच माफ करणे काय? तसे मुळीच नाही. आमच्या दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे दुसरे काय करता आले असते या विचारणेत, न्याय आहेच. त्याच मुलांनी इतर कादंबऱ्यांतील काही पात्रांना कठोर दोष दिला आणि तो योग्य होता. कृत्य चूक की बरोबर हे सांगितलेच पाहिजे. कर्त्यावर मात्र अखेरचा शिक्का मारण्याचा अधिकार आपला नाही. अक्विनास तर म्हणतात की, संशयाच्या जागी दुसऱ्याच्या कृतीचा चांगलाच अर्थ घ्यावा. वाइटास चांगले समजून अनेकदा फसलो तरी चालेल, पण चांगल्यास वाईट समजण्याचा अपराध क्वचितही घडू नये. कारण पहिल्या चुकीत आपली फसगत होते, दुसरीत समोरच्यावर अन्याय होतो. कादंबरीकार तीनशे पाने खर्चून एका माणसाची ओळख करून देतो. तेवढा धीर आपण शेजाऱ्याच्या वाट्याला किती वेळा देतो, याचा वाचकांनी स्वतःशीच विचार करावा.

आजही आमच्याकडे कोणी चारित्र्याचा दाखला मागण्यास येतो. आम्ही त्यास बसावयास सांगतो, चहा होतो, थोडी विचारपूस होते. कागदावर पुन्हा त्याच दोन ओळी उतरतात, कारण कचेरीस तेवढ्याच हव्या असतात. त्या मुलाचा जुना दाखला मात्र आम्हांस बदलून देता आलेला नाही. तो आता कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. तोरणमाळच्या मुलाला आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, "काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे, बाळा. मीच एकदा ते लिहिलं होतं."