पाचव्याचा वाटा

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक सहसा कुणी मुद्दाम पाठ करत नाही. त्यात भक्ती नाही, विश्वरूप नाही, नुसती यादी आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. रेल्वेच्या माणसाला ही यादी चटकन पटते. लाइन, ड्रायव्हर, इंजिन-सिग्नल, सगळ्यांची धावपळ, आणि शेवटी रुळांवर येऊन बसलेली म्हैस.

मी नोकरीभर भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात बसलो. सेक्शन कंट्रोलर म्हणजे गाडी डोळ्यांनी न बघता चालवणारा माणूस. समोर चार्ट, आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. आता ते काम कॉम्प्युटर करतो, माझ्या हातात पेन्सिल होती. निवृत्तीनंतर ती पेन्सिल पुन्हा काढायची वेळ आली ती मुलीमुळे. मुलगी-जावई बुडापेस्टला असतात, नात दीड वर्षाची झाली. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं जातोय : मुंबई ते फ्रांकफुर्ट विमानाने, पुढे रेल्वेने. बुडापेस्टलाही विमानं उतरतात हे मला ठाऊक आहे. पण जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी असे तीन देशांचे रूळ खालून जाणार आणि मी ढगांवर बसून गार पाव चघळणार, हे माझ्याच्याने होणार नाही.

जावयांचा आराखडा सुटसुटीत आहे. विमान सकाळी उतरतं. विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, १९९९ साली उघडलेलं. तिथून व्हिएन्नाला थेट आयसीई मिळते, साडेसहा तासांच्या आसपास. व्हिएन्नाहून रेलजेट पावणेतीन तासांच्या आत बुडापेस्टला. “सकाळी उतरा, रात्री जेवायला घरी या.” विमान टेकणं आणि आयसीई सुटणं यांच्यामध्ये त्यांनी पावणेदोन तास धरलेत. मी आधी सहा धरले, मग अख्खी रात्रच धरली. पहिल्या दिवशी फक्त वुर्झबुर्गपर्यंत जायचं, दीड तास, तिथे मुक्काम, आणि व्हिएन्ना दुसऱ्या दिवशी.

हे ऐकून ही म्हणाली, “अहो, येता-जाता म्हणता की सगळं देवावर सोडलंय. मग ही रात्रभराची राखण कशाला? विश्वास आहे की नाही?”

ती रोज विष्णुसहस्रनाम म्हणते, त्यामुळे प्रश्न थट्टेचा नव्हता. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ हा टोमणा मारून मला सुटता आलं असतं. पण आळशी माणसाला मारायची म्हण हिला लावणं बरं नव्हे. वेळ राखून ठेवणारा माणूस देवावर कमी विश्वास ठेवतो का, हे खरंच बघण्यासारखं आहे.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला बजावतात की दैव म्हणून वेगळं काही नसतंच. आपलेच आधीचे प्रयत्न दैवाचं नाव घेऊन समोर येतात, आधीचा आणि आताचा प्रयत्न दोन मेंढ्यांसारखे टकरा घेतात, आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. जावयांना हे आवडेल. मला वाटतं, तो सगळ्यातून मन काढून बसलेल्या तरुण राजपुत्राला उठवण्यासाठी दिलेला डोस आहे. फ्रांकफुर्टच्या धावपट्टीवर धुकं पडलं तर त्यात माझा आधीचा कोणता प्रयत्न शोधायचा? गीता त्या मानाने व्यवहारी. ती दैवाला नाकारत नाही आणि गादीवरही बसवत नाही, पाचातलं एक म्हणून वाटा देते.

पण दैव कुणाचं, हे त्या श्लोकात नाही. ते मला कंट्रोलमध्ये कळलं.

भुसावळ–खंडवा सेक्शनवर रावेरला पॅसेंजर लूपला घेतली आणि मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढली, की पॅसेंजरमधल्या माणसांच्या दृष्टीने जे घडतं ते दैव. कुणाची कोर्टाची तारीख हुकते, कुणाला पुढची गाडी मिळत नाही, कुणी कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावतो. ते नशीब त्या वेळी भुसावळला खुर्चीत बसून चहा पीत असायचं. गाडी का थांबवली, किती थांबवणार, हे मला पक्कं ठाऊक असायचं. माझ्या यादीत ती चौथ्या नंबरची चेष्टा होती, त्यांच्या यादीत पाचव्या नंबरचं दैव. आणि पावसाळ्यात भराव खचला की तेच उलटं व्हायचं : माझं दैव, पण इंजिनिअरिंग खात्याचं पावसाळ्याआधी करायचं काम. म्हणून तर वर्किंग टाइम टेबलात इंजिनिअरिंग अलाउन्स, ट्रॅफिक अलाउन्स अशी मिनिटं आधीच घातलेली असतात. शेवटच्या स्टेशनाआधी गाडी रेंगाळते म्हणून प्रवासी वैतागतात. ती रेंगाळत नसते, वाटेत न लागलेली मिनिटं परत करत असते.

एकाचं दैव हे बऱ्याच वेळा दुसऱ्याचं राहिलेलं काम असतं. हे एकदा डोक्यात बसलं की देवाचं नाव घेताना जीभ जरा जड होते.

युरोपियन युनियनने तर याची कायद्यातच वाटणी करून टाकलीय. २०२१ साली केलेला आणि जून २०२३ पासून लागू झालेला रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नियम मी चष्मा पुसून पुसून वाचला. गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के परत, दोन तास झाले तर ५० टक्के. मात्र टोकाचं हवामान, मोठी नैसर्गिक आपत्ती, साथीचा रोग, रुळांवर आलेली माणसं, केबलची चोरी अशांमुळे उशीर झाला तर भरपाई नाही. आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा संप? तो या यादीत बसत नाही, भरपाई द्यावीच लागते. तुमची माणसं तुमच्यावर का रागावली, हे वादळात मोडत नाही, असं कायदा म्हणतो. मी कामगार युनियनचा माणूस, मला हे फार आवडलं. शिवाय वादळ खरंच आलं तरी प्रवाशाला पुढच्या गाडीने पोचवण्याची जबाबदारी सुटत नाही. पैसे माफ, काम माफ नाही.

शेजाऱ्याचं दैव आपल्या घरात शिरू द्यायचं नाही, हेही तिकडे काटेकोर. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून आणि रद्द गाड्या मोजणीतच न घेता. स्विस रेल्वेने यावर उपाय म्हणून फार उशिरा आलेली जर्मन गाडी बाझेललाच थांबवून पुढे आपली गाडी सोडायला सुरुवात केली. असा कठोरपणा मला नोकरीत जमला नसता, पण त्या कंट्रोलरच्या जागी बसून बघितलं तर चूक काढता येत नाही.

आमच्या विमानाचा उशीर मात्र रेल्वेच्या त्या भरपाईच्या नियमात येत नाही. विमानाचं तिकीट वेगळं, रेल्वेचं वेगळं, मधला खड्डा माझा. जर्मन रेल्वेचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं आणि महागडं त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं. म्हणजे पाचव्याचा वाटा खिडकीवर विकतही मिळतो. ज्याच्याकडे पैसे, त्याचं दैव जरा मऊ.

यादीतला दुसरा, कर्ता, त्याच्याबद्दल मला जावयांशी खरं भांडायचंय. आराखडा आखणारा मी भुसावळच्या घरी, दुपारची झोप झालेला, तीक्ष्ण पेन्सिल हातात. गाडी पकडणारा मी वेगळाच असणार : मुंबईपर्यंत साडेचारशे किलोमीटर आलेला, विमानतळावर अर्धी रात्र जागलेला, पुढे नऊ तास गुडघे मुडपून बसल्याने पाय सुजलेला. घड्याळ साडेतीन तास मागे आणि पोट जिथल्या तिथे. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर चेहरा आणि बोटं मशीनला दाखवायची नवी पद्धत सुरू झालीय. हिची बोटं जन्मभर भाकऱ्या थापून इतकी झिजलीत की आधारच्या मशीनवरही ठसे एका वेळी उमटले नव्हते. तो खिडकीतला अधिकारी किती वेळ घेईल, हे पावणेदोन तासांत कुठे लिहायचं? कर्ता एकच आहे असं समजून आराखडे आखले जातात. मी चार्टवर कधीही थकलेल्या इंजिनाला ताज्या इंजिनाची वेळ दिली नाही.

व्हिसाच्या अर्जाला मात्र अशी अनिश्चितता चालत नाही. कोणत्या रात्री कुठे झोपणार हे तारीखवार द्यायचं, तीस हजार युरोंचा विमा काढायचा. ‘देवाच्या मनात असेल तर’ असा रकाना त्यात नाही.

तसा रकाना युरोपातल्याच एका जुन्या रोमन तत्त्वज्ञाने, सेनेकाने, सुचवला होता. शहाणा माणूस समुद्रप्रवास ठरवतो तो ‘काही आडवं आलं नाही तर’ एवढी अट मनात धरून. मग आडवं आलेलं त्याच्या मनाविरुद्ध गेलं असं होत नाही. मला हे अर्धंच पटतं. मनात अट धरल्याने मन वाचतं, गाडी सुटायची ती सुटतेच. सेनेका गडगंज होता, पुढचं जहाज त्याला जड गेलं नसतं.

याच विचारांचा दुसरा माणूस सम्राट मार्कस ऑरेलियस. त्याच्या आत्मचिंतनाच्या सुरुवातीच्या भागाशी टीप आहे की हे क्वादी लोकांच्या मुलखात, ग्रानुआ नदीकाठी लिहिलं. त्या नदीला आज ह्रोन म्हणतात. बुडापेस्टहून ब्रातिस्लाव्हाला जाणारी गाडी स्लोव्हाकियात शिरली की श्तूरोव्हो स्टेशनाच्या आधी ती नदी ओलांडते. परतीला मी मुद्दाम तोच रस्ता घेतलाय, ब्रातिस्लाव्हाहून व्हिएन्ना तासाभराचंच. मला ती नदी बघायचीय. तिच्याकाठी फौजा घेऊन बसलेला माणूस, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याचा विचार शांतपणे लिहीत होता. आणि पलीकडच्या क्वादींच्या यादीत पाचव्या जागी तोच होता. त्याला हे दिसलं असेल का? पुस्तकात मला तरी सापडलं नाही.

तर हिचा प्रश्न. मी तिला सांगितलं की राखलेली रात्र ही देवाच्या वाट्यातली नाही, माझ्या वाट्यातली आहे. कंट्रोलरचं काम कंट्रोलरने करून मग उरेल ते वर पाठवायचं. तिला ते वकिली वाटलं. मग मी तिच्याच घरातला दाखला काढला. तिच्या माहेरी मुहूर्त साधत नसला की प्रस्थान ठेवायचे : शुभ वेळेला सुपारी-तांदूळ आणि एक कपडा शेजारी नेऊन ठेवायचा, माणूस सवडीने निघायचा. शास्त्रकारांनीसुद्धा ठरलेली वेळ आणि खरी निघायची वेळ यांत जागा सोडलीच ना?

“ती मुहूर्त गाठायला,” ती म्हणाली, “गाडी चुकेल या भीतीने नाही.” आणि लगेच पंचांग काढलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. आमचं विमान शनिवारी पहाटे अडीचला आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. पण वार सूर्योदयाला बदलतो, तेव्हा पंचांगाच्या हिशेबाने आम्ही शुक्रवारीच निघतोय. आता प्रस्थान ठेवायचं ठरलंय. समोरच्या वहिनींना सांगून झालंय.

परतीच्या वेळी मात्र तिने मला गाठलं. माझ्या नियमाने मी व्हिएन्नाला एक आणि फ्रांकफुर्टला एक अशा दोन रात्री राखल्या होत्या. ती म्हणाली, “जाताना राखलेली रात्र आपल्या झोपेतली. येताना राखलेली कुणाची? पोरीच्या दिवसातली ना?”

यावर उत्तर नव्हतं, कारण हे मला चार्टवर रोज दिसायचं. एका गाडीला जास्तीची मिनिटं दिली की ती कुठल्यातरी दुसऱ्या गाडीच्या वाटेतून कापली जातात. मार्जिन फुकट नसतं, फक्त त्याचं बिल कुणाच्या नावावर जातं ते छापलेलं नसतं. व्हिएन्नाची रात्र मी खोडली. फ्रांकफुर्टची ठेवलीय. त्यापायी शेवटच्या दिवशी बुडापेस्टहून सकाळी लवकर निघावं लागेल, नात उठायच्या आधी, आणि हिचं म्हणणं आहे की तेवढ्यापुरता तरी जावयांचा हिशेब पुन्हा एकदा नीट मांडून बघा.