बारीक फडकं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक तरुण मिस्त्री होता. हात सफाईचा, बोलणं कमी. जुन्या लान्सरच्या सांगाड्यात मित्सुबिशीचं 4जी63 टर्बो इंजिन बसवायचं आणि 1997 सीसीच्या त्या इंजिनातून 500 हॉर्सपॉवर काढायची, एवढाच त्याचा ध्यास. अशा पोरांना आपण उनाड म्हणतो. पण दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करून रात्री स्वतःच्या इंजिनापुढे बसणारा मुलगा उनाड नसतो.

दोन वर्षं पैसे साठवून त्यानं एकेक वस्तू पारखून घेतली. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, मोठे इंजेक्टर, तासाला 340 लिटर पेट्रोल देणारा पंप. शेवटी राहिला पेट्रोलचा फिल्टर. त्यावर त्यानं फार विचार केला नाही. जितका बारीक तितका चांगला, असं म्हणून 10 मायक्रॉनचा, कागदी घड्यांचा छोटासा फिल्टर आणला. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या सातव्या हिश्शाएवढा कणही त्यात अडावा. पंप महागाचा, त्याला कचरा लागू नये, म्हणून फिल्टर टाकी आणि पंपाच्या मधोमध बसवला.

गाडी सुरू झाली. गावातून फिरली तेव्हा कसलीच तक्रार नव्हती. पुण्याला डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्राच्या, रुळांवर चढवून पाय पूर्ण दाबला, तेव्हा पंप घोंगावायला लागला, काटा थरथरला आणि इंजिन ठसकू लागलं. पेट्रोल कमी पडत होतं, हवा जास्त होत होती. त्यानं वेळीच पाय उचलला.

परत येऊन त्यानं आणखी मोठा पंप लावला. दुखणं वाढलं. मग चिडून फिल्टरच काढून टाकला. त्या दिवशी गाडी अशी पळाली, की त्याला वाटलं, सगळा दोष त्या डबड्याचाच होता. आठवड्याभरात तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं. लान्सरची टाकी जुनी, आतून गंजलेली. इंजेक्टरच्या तोंडाशी मटकीच्या दाण्याएवढी जाळी असते, ती गंजानं भरली होती. त्या सिलिंडरला पेट्रोल अपुरं पोचलं, आतली आग भडकली आणि पिस्टन वितळला.

हंगामाचे दिवस होते. पन्हाळ्याच्या पायथ्याला मामाचं गुऱ्हाळ होतं. मन लागेना म्हणून तो तिथं जाऊन बसला. चरकातून रस पडत होता, चिमणीतून धूर निघत होता. म्हाताऱ्या गुळव्यानं विचारलं, "काय रं, तोंड का उतरलंय?"

"तात्या, बारीक गाळणी लावली तर इंजिन उपाशी मरतं, काढली तर कचऱ्यानं मरतं. काय करायचं सांगा."

गुळव्यानं उलट विचारलं, "बारीक असू दे की. पण बांधलीस कुठं?"

"पंपाच्या आधी."

तात्या उठले आणि त्याला चरकापाशी घेऊन गेले. चरकाखालच्या पन्हाळीला मोठ्या भोकांची जाळी होती. चिपाडाचे तुकडे तिथं अडत आणि रस खालच्या हौदात जाई. हौदातून मोटर तो वर ओढून काहिलीत टाकी, आणि काहिलीवर पांढरं बारीक फडकं झोळीसारखं बांधलेलं होतं.

"एकदा एका गड्यानं शहाणपणा केला," तात्या म्हणाले. "हे फडकं हौदातल्या पाइपाच्या तोंडाला आवळून बांधलं. म्हणला, मोटर साफ राहील. मोटर बापडी रिकामं वढत बसली. वढायला बळ कमी असतं पोरा, ढकलायला जास्त. म्हणून वढायच्या बाजूला जाडी जाळी, ढकलायच्या बाजूला बारीक फडकं. आणि हे बघ, काहिलीएवढं रुंद बांधलंय. बारीक कापड तळहाताएवढं ठेवलं, तर रस थेंब थेंबच पडायचा. ज्याची राखण करायची, त्याची भूक आधी मोजावी."

मुलगा उद्यमनगरात परतला आणि त्यानं पहिल्यांदा भूक मोजली. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना दर हॉर्सपॉवरमागे तासाला पाव किलोहून थोडं अधिक पेट्रोल पितं. 500 ला झालं सुमारे 135 किलो, म्हणजे तासाला 180 लिटरच्या पुढं. मिनिटाला तीन लिटर! शिवाय पंप सदोदित आपलं सगळं पेट्रोल पुढं ढकलतो आणि उरलेलं टाकीकडे परत जातं, म्हणजे फिल्टरमधून इंजिनाच्या गरजेपेक्षाही जास्त वाहायला हवं. आपला छोटा फिल्टर पंपाचा गळा कसा आवळत होता, ते आता त्याला आकड्यांत दिसलं. ओढ बसली, की नळीतल्या पेट्रोलचा दाब उतरतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. मोठ्या पंपानं दुखणं का वाढलं, तेही कळलं.

त्यानं टाकी उतरवून धुतली, घासली, पुसली. पंपाआधी 100 मायक्रॉनची स्टीलची जाळी लावली. पंपानंतर 10 मायक्रॉनचाच फिल्टर ठेवला, पण लांब नळकांड्याचा, पुष्कळ घड्यांचा आणि कागदाऐवजी काचतंतूंचा. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसापासूनच होतं. ते टाकीतला जुना मळ सोडवतं, हवेतलं पाणी धरतं, आणि ओला कागद फुगून वाट अडवतो. बारीक फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दाबाचे दोन काटे त्यानं बसवले. दोन्हींतलं अंतर वाढू लागलं, की फिल्टर भरला असं समजायचं.

नवा पिस्टन बसला. गाडी पुन्हा रुळांवर चढली. यावेळी तो हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे बघत नव्हता, त्या दोन काट्यांकडे बघत होता. दोन्ही शेवटपर्यंत जवळजवळ राहिले.

पाचशे किलोमीटर झाल्यावर त्यानं पहिली जाळी उघडली आणि पांढऱ्या कागदावर झटकली. गंजाचे तीन-चार तांबूस कण पडले. त्यांच्यात अडकलेला एक निळा धागा होता. टाकी पुसायला घेतलेल्या त्याच्याच फडक्याचा. तो बराच वेळ त्या धाग्याकडे बघत राहिला. मग त्यानं जाळी पेट्रोलनं धुतली, फुंकली, परत बसवली आणि ते निळं फडकं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.