वळण येण्याआधी

मे १९८४. मी नऊ वर्षांची होते. कऱ्हाडहून गुहागरला निघालेली एसटी पाटण, हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायला लागली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ज्याला गाडी लागते त्याला हे पाणी चांगलं ओळखीचं असतं. पाठोपाठ कानशिलं गार पडतात, जांभया येतात, आणि पुढे काय होणार ते कळून चुकतं.

निघताना आजीने सगळे उपाय केले होते. बसायला खाली वर्तमानपत्राची घडी, मुठीत लिंबू, गालात आलेपाकाची वडी. आईने युडीकोलनचा रुमाल नाकाशी धरला होता. तरी तिसऱ्या वळणाला मी खिडकीच्या गजांवर कपाळ टेकलं. घाट संपून पोफळी येईपर्यंत पोटात काही उरलं नाही.

अण्णा वैतागले. "बाकीची पोरं बघ, कशी मजेत बसलीत. मन जरा घट्ट कर की," म्हणाले. उलटीपेक्षा ते शब्द मला जास्त लागले. मन घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. दात आवळून, डोळे गच्च मिटून मी तेवढंच करत होते.

गुहागरला आम्ही चार दिवस राहिलो. सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब पांढरी वाळू, संध्याकाळी व्याडेश्वराचं देऊळ, परतताना वाटेवर फणसाचा वास. भावंडं लाटांत लोळत होती. मी मात्र पायाचे घोटे भिजवून उभी राहायची आणि परतीच्या घाटाला किती दिवस उरले ते मोजायची.

आणखीही काहीतरी मला आतून ढवळत होतं. रात्री आई-अण्णा ओटीवर बसून हळू आवाजात बोलायचे. मी पाणी प्यायला उठले की गप्प व्हायचे. "काय झालं?" विचारलं तर "काही नाही, तू झोप." घरात काहीतरी हललंय हे मला जाणवत होतं, पण समोर सगळं जागच्या जागी दिसत होतं.

परतीच्या दिवशी चिपळूणच्या स्टँडवर गाडी थांबली. मी आत्तापासूनच पांढरी पडले होते. ड्रायव्हरकाका चहा पिऊन येताना खिडकीखाली थांबले. माझ्या हातातलं लिंबू त्यांनी पाहिलं.

"गाडी लागतीया व्हय? पावनं, पोरीला माझ्याजवळ द्या."

केबिनमध्ये त्यांच्या डाव्या हाताला मला बसायला जागा झाली. अण्णा मागच्याच बाकावर, जाळीला लागून बसले. समोर एवढी मोठी काच मी आधी कधी पाहिली नव्हती. आजवर घाटात मला पुढच्या बाकाची पाठ आणि आईचा पदर एवढंच दिसलेलं होतं.

"काका, तुम्हाला गाडी लागत नाही?"

"न्हाई. का, म्हाईत हाय? वळान मला म्होरनं दिसतंय. तुला ते अंगावर आल्यावर कळतंय. आता खाली बघू नगं, डोळं मिटू नगं. लांब रस्त्याकडं बघ. मी सांगतो तसं झुकायचं."

घाट सुरू झाला. "आता डावीकडं," ते म्हणायचे आणि चाक फिरवायच्या आधी स्वतः किंचित डावीकडे कलायचे. मीही कलायची. "आता उजवीकडं. हे लांबडं हाय, दमानं." पाच-सहा वळणांनंतर ते बोलायचे थांबले आणि मीच सांगू लागले, "आता डावीकडं." ते मान हलवायचे. पोटात एकदा गोळा उठला, काकांनी काच थोडी सरकवली, वारा लागला, गोळा बसला. लिंबू मुठीत तसंच राहिलं.

काका बोलले त्यामागचं शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी समजलं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव मागे रेंगाळतो आणि शरीर वळतंय अशी खबर मेंदूला जाते. डोळे मात्र बाकाच्या पाठीवर खिळलेले असले, तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळाचा त्रास पोटाला होतो. ड्रायव्हरला वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून तो वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो. प्रवासी बेसावध असतो, म्हणून बाहेर फेकला जातो. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं बीगल जहाजाच्या सफरीवर होता आणि समुद्र त्याला शेवटपर्यंत लागत राहिला. म्हणून काही कुणी त्याला कच्च्या मनाचा म्हणत नाही.

घाटमाथा आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. काकांनी कोयनेच्या दिशेला बोट केलं. "ते आमचं गाव. सदुसष्टच्या भूकंपात घर गेलं. डिसेंबरची अकरा तारीख, पहाटंची येळ. समदी झोपल्याली. भूकंप काय सांगून येत न्हाई, पोरी. कुनालाच ठावं नव्हतं, मग कुनी कुनाला सांगायचं?" थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पर जे वळान आपल्याला दिसतंय, ते मागच्याला सांगावं. तेवढं तरी आपल्या हातात हाय."

मी मागे वळून पाहिलं. अण्णा जाळीला धरून ऐकत होते.

कोयनानगरला गाडी चहाला थांबली. अण्णांनी मला एकटीला बाजूला नेलं, पारावर बसवलं. बराच वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला एक वळण सांगायचंय. बँकेतून माझी बदली झालीय. नांदेडला. जूनमध्ये जायचंय. तुझी शाळा बदलेल. आजी कऱ्हाडलाच राहील."

मला रडू आलं. शाळा, मैत्रिणी, आजीच्या कुशीतली जागा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण चार दिवस पोटात जी ढवळाढवळ चालली होती ती थांबली. ओटीवरची कुजबुज कशाची होती ते कळलं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुझी सुट्टी खराब होईल म्हणून." अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. परवा घाटात बोललो तेही चुकलं."

पुढचे वीस दिवस मला मिळाले. मी मैत्रिणींचे पत्ते वहीत उतरवून घेतले, प्रीतिसंगमावरची वाळू एका बाटलीत भरली, आजीकडून तिच्या हातच्या थालीपीठाची कृती लिहून घेतली. निघायच्या दिवशी सगळेच रडलो, पण मी बाहेर फेकली गेले नाही. त्या दिवसाकडे मी आधीच झुकले होते.

गेल्या वर्षी अण्णांची शस्त्रक्रिया ठरली. वय ऐंशीच्या पुढे. घरातले म्हणत होते, त्यांना फार सांगू नका, घाबरतील. आदल्या रात्री मी त्यांच्या खाटेवर बसले. ते छताकडे बघत होते, ओठ कोरडे. नऊ वर्षांच्या वयात माझा चेहरा असाच होत असणार.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि क्रमाने सांगितलं. सकाळी सात वाजता न्यायला येतील. खोली गार असेल. भूल देतील. जाग येईल तेव्हा नाकात नळी असेल, घशाला कोरड पडेल, ती तशीच असते. दुखेल, दुसऱ्या दिवशी जास्त, मग कमी होत जाईल. आणि मी तुमच्या उजव्या हाताला असेन.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"उजवीकडं ना?" ते म्हणाले. "झुकतो मग."

ज्याच्या हातात चाक आहे, त्याने मागे बसलेल्याला "मन घट्ट कर" म्हणू नये. त्याला पुढचा रस्ता दिसू द्यावा, आणि वळण येण्याआधी सांगावं.