जालंधर ते मीरपूर, ब्रिटनमार्गे

२०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान होणार हे नक्की झालं आणि आपल्याकडे घराघरांत त्याचं कौतुक झालं. त्या कौतुकाच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येई. भारतातून तिकडे गेलेले कुठे पोहोचले बघा, आणि पाकिस्तानातून गेलेले कुठे राहिले! कारणही प्रत्येकाकडे तयार होतं. आपल्या लोकांना शिक्षणाची ओढ, कष्टाची सवय. त्यांच्यावर धर्माचा पगडा. पण सुनक यांचे आजोबा मूळचे गुजरांवाल्याचे. १९३५ साली ते तिथून नैरोबीला गेले. गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. मग सुनक यांचं यश नेमकं कुठल्या खात्यावर जमा करायचं?

दोन समाजांतली तफावत खरी आहे. ती नाकारून काही साधत नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे साडेअठरा लाखांहून अधिक आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे सोळा लाख लोक आहेत. सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २०१८ सालच्या वेतनाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतीय वंशाच्या नोकरदारांचं तासाचं मध्यम वेतन गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघालं. पाकिस्तानी वंशाच्या नोकरदारांचं गोऱ्यांपेक्षा बरंच कमी. दोन्ही समाजांतले पहिले लोक साधारण एकाच काळात, बहुतेक करून मजुरी करायला तिथे उतरले होते. मग दोन पिढ्यांत एवढं अंतर कसं पडलं? या प्रश्नाला ब्रिटनमध्ये गेली साठ वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली गेली. तो प्रवास मला मोलाचा वाटतो, कारण तुलनेचं माप बदललं की दर वेळी कारणही बदललं आहे.

१९६० च्या दशकात ही तफावत कुणाला दिसतच नव्हती. सगळे स्थलांतरित एकाच शब्दात बसत: रंगीत. आणि त्या काळाचा मुख्य प्रश्नही तोच होता. डब्ल्यू. डब्ल्यू. डॅनियल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरी आणि भाड्याचं घर मागायला तीन प्रकारची माणसं पाठवली होती: एक गोरा इंग्रज, एक हंगेरीहून आलेला गोरा आणि एक काळा किंवा आशियाई. परक्या उच्चाराच्या हंगेरियन माणसाला जे मिळे, ते सावळ्या माणसाला नाकारलं जाई. अडसर परकेपणाचा नसून कातडीच्या रंगाचा आहे, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झालं. त्याच वर्षी नोकरी आणि घर नाकारण्याविरुद्ध कायदा झाला. रंगाच्या या मोजपट्टीने मोठं काम केलं. पण तिच्यावर भारतातल्या जालंधरचा माणूस आणि पाकिस्तानकडच्या मीरपूरचा माणूस यांच्यात काही फरक उमटत नव्हता.

पुढच्या दोन दशकांत ‘एशियन’ हा कप्पा तयार झाला. अल्पसंख्य मुलांच्या शिक्षणावरचा स्वान समितीचा अहवाल १९८५ साली आला. आशियाई मुलं एकंदरीत गोऱ्या मुलांच्या बरोबरीने चालली आहेत, फक्त बांगलादेशी मुलं खूप मागे आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. सरासरीचा दोष असा की ती दोन टोकं एकमेकांत मिसळून टाकते. गुजराती औषधविक्रेत्याचा मुलगा आणि ब्रॅडफर्डच्या गिरणीतून कमी केलेल्या कामगाराचा मुलगा एकत्र मोजले की दोघेही ठीक चाललेत असं दिसतं.

हा कप्पा फुटला तो १९९१ च्या जनगणनेत. वांशिक गटाचा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा विचारला गेला आणि भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी या वेगळ्या चौकटी झाल्या. १९९४ साली मोठी देशव्यापी पाहणी झाली. तारिक मोदूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. पाकिस्तानी आणि बांगलादेशी घरांपैकी पाचांतली चार देशाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी उत्पन्नावर जगत होती. भारतीय वंशाचे लोक गोऱ्यांच्या जवळ येत चालले होते आणि पूर्व आफ्रिकेतून आलेले आशियाई जवळजवळ बरोबरीला पोहोचले होते. मोदूद स्वतः पाकिस्तानी वंशाचे. सगळ्या गोरेतरांचं दुःख एकच, असं मानणाऱ्या डाव्या विचारवंतांना त्यांनी उघड विरोध केला, कारण त्या एकजुटीच्या भाषेत त्यांच्याच समाजाचं दारिद्र्य झाकलं जात होतं. हे धैर्याचं काम होतं.

पण आकडे देशांच्या नावाने आले आणि लोकांनी ते धर्माच्या नावाने वाचले. २००१ साली ओल्डम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. चौकशी अहवालाने गोरे आणि आशियाई ‘समांतर आयुष्यं’ जगत असल्याचं म्हटलं. २००५ च्या जुलैत लंडनमध्ये बाँबस्फोट झाले. त्यानंतर ‘मुसलमान मागे का?’ एवढाच प्रश्न उरला, आणि उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं होतं.

अधिक खोल उत्तर मात्र त्याआधीच छापून झालं होतं. रॉजर बॅलर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ साली एका लेखात आणि १९९० साली दुसऱ्या लेखात देश बाजूला ठेवून दोन जिल्ह्यांची तुलना केली. ब्रिटनमधल्या शिखांचा मोठा भाग जालंधरच्या दोआबातला, आणि पाकिस्तान्यांचा मोठा भाग पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचा. दोन्हींमध्ये सरळ रेषेत अंतर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. बोली एकमेकांच्या नात्यातल्या, दोन्हीकडे लहान जमिनींचे शेतकरी, दोन्हीकडे भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे पडलेले.

मीरपूरची गोष्ट मुंबईतूनही जाते. झेलम नदीवर नावा चालवणाऱ्या मीरपुऱ्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात रेल्वेने बुडवला. मग ही माणसं मुंबई आणि कराचीहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर गेली आणि बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटू लागली. जहाजावरच्या कामांतलं हे सगळ्यांत तापदायक काम. दुसऱ्या महायुद्धात यांतले काही जण ब्रिटनमधल्या कारखान्यांत लागले, काही ब्रॅडफर्डकडे गेले. पुढे त्यांच्यामागून पुतणे, मेहुणे, गावकरी आले. त्यानंतर मंगला धरण झालं. १९६० च्या सिंधू जलकरारानंतर झेलमवर हे धरण बांधलं गेलं आणि १९६७ मध्ये पुरं झालं. जुनं मीरपूर शहर आणि अडीचशेहून अधिक गावं पाण्याखाली गेली, लाखाहून जास्त माणसं उठली. पाणी गेलं पाकिस्तानी पंजाबच्या मैदानातल्या कालव्यांना. मीरपूरच्या वाट्याला जलाशय आला. विलायतेहून आलेल्या पैशाला तिथे शेतीत गुंतवायला जागा उरली नाही. तो मोठमोठ्या घरांमध्ये गेला.

जालंधरला हाच पैसा ट्यूबवेल आणि ट्रॅक्टरमध्ये गेला, कारण नेमकी तेव्हाच हरितक्रांती आली. तिथे १८४० च्या दशकापासून थेट इंग्रजी अंमल होता, शाळा होत्या, रस्ते होते, फौजेची भरती होती. मीरपूर डोगरा संस्थानात, करांनी पिळलेलं. म्हणजे लंडनच्या विमानात बसण्याआधीच दोघांच्या शिदोरीत फरक होता.

आणि विमानातून उतरल्यावर? शीख गेले मिडलँड्सच्या ओतकामाच्या कारखान्यांत आणि लंडनच्या पश्चिमेला साउथॉलमध्ये. मीरपुरी गेले यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांत. गिरणीमालकांनी नवी महाग यंत्रं घेतली होती आणि ती रात्रंदिवस चालवल्याशिवाय परवडत नव्हती. बायकांना रात्रपाळीवर कायद्याने बंदी, गोरे पुरुष त्या पगारावर यायला तयार नाहीत. ती रात्रपाळी मीरपुऱ्यांनी भरली. रात्री काम, दिवसा झोप, सोबतीला गावचीच माणसं. तिथे इंग्रजी बोलायची वेळ यायची तरी कधी? आणि सत्तरच्या दशकापासून त्या गिरण्याच बंद पडत गेल्या. गिरणगावाची वाताहत पाहिलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको. मिडलँड्सचे कारखानेही ऐंशीच्या सुरुवातीला कोसळले, हेही खरं. पण साउथॉलच्या शेजारी हीथ्रो विमानतळ वाढत होता आणि सगळं लंडन नोकऱ्यांनी भरत होतं. ओल्डमच्या शेजारी काय होतं? दुसरं बंद पडलेलं गिरणीगाव.

संस्कृतीचा प्रश्न यानंतर येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. बॅलर्ड यांनी तो टाळला नाही. शिखांमध्ये जवळच्या नात्यात लग्न चालत नाही. सोयरीक बाहेर शोधावी लागते. त्यामुळे एकदा ब्रिटनमध्ये पुरेशी कुटुंबं जमल्यावर लग्नं तिथल्या तिथे जुळू लागली. मीरपुऱ्यांत चुलत-मावस भावंडांतलं लग्न श्रेयस्कर. विलायतेतल्या भावाने मुलगी गावच्या पुतण्याला न देणं म्हणजे भावाचा अपमान. म्हणून पिढी बदलली तरी नवरा किंवा नवरी मीरपुराहून येत राहिली, आणि ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या घरात पुन्हा एक पालक तिथल्या भाषेला आणि शाळेला नवखा. शीख बायका-मुलं बरीचशी पन्नास-साठच्या दशकांत आली, मीरपुरी कुटुंबं सत्तरीत आणि नंतर, गिरण्या बंद पडत असताना. पडद्याच्या रिवाजामुळे मीरपुरी बायका कारखान्यात कमी गेल्या. घरात पगार एकच राहिला.

मग संस्कृतीच कारण ठरली की! असं म्हणण्याआधी मी एवढंच विचारते: या प्रथेला एवढं बळ कशामुळे आलं? १९६२ च्या कायद्याने कॉमनवेल्थमधून कामासाठी येणाऱ्यांवर परवान्याची अट घातली, १९७१ च्या कायद्याने दार आणखी लोटलं. मागे राहिलेल्या भावाच्या मुलाला आत आणायला लग्नाएवढा हमखास मार्ग दुसरा उरला नाही. धरणाने शेत बुडालेल्या घरात त्या मार्गाची किंमत किती वाढली असेल! नात्यातल्या लग्नाची चाल जुनीच, पण तिला इतकं वजन आलं ते व्हिसाच्या नियमांनी आणि मंगलाच्या पाण्याने. रिवाज आणि परिस्थिती असे वेगवेगळे काढून तोलता येत नाहीत, असं माझं मत बॅलर्ड यांच्या लेखांनी पक्कं केलं.

‘भारतीय’ हा कप्पाही आतून एकसंध नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘इकडे येऊ नका’ म्हणून विनवलं होतं. तरी ते तिथेच मोठ्या संख्येने गेले. हात रिकामे होते, पण ही माणसं व्यापारी, कारकून, शिक्षक, कंत्राटदार होती. इंग्रजी येत होतं, आणि कुटुंबं सोबत होती. त्याच सुमारास भारतातून डॉक्टर येत होते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. नंतरच्या काळात तिथे गेलेल्या मराठी माणसांतही शिकूनसवरून गेलेलेच पुष्कळ. पुण्या-मुंबईच्या एमबीबीएसचा मुलगा आणि धरणग्रस्त शेतकऱ्याचा मुलगा शर्यतीला एकाच रेषेवर उभे होते, असं म्हणणं न्यायाला धरून नाही. ल्युसिंडा प्लॅट यांनी २००५ साली पालक आणि मुलं यांच्या वर्गांची तुलना केली, तेव्हा हिंदू आणि ज्यू मुलं वर चढताना पुढे दिसली, तर शीख आणि मुसलमान दोघेही मागे. म्हणजे भारतीय म्हणून एकत्र धरलेले हिंदू आणि शीखसुद्धा या मोजणीत वेगळे पडले.

धर्मच कारण, या म्हणण्याला सगळ्यांत मोठा धक्का दिला तो बांगलादेश्यांनी. १९८५ च्या अहवालात सगळ्यांत मागे असलेली हीच मुलं. सिल्हेटची, मुसलमान, बहुतेक घरं मीरपुऱ्यांहून गरीब, आलीही उशिरा. पण ती वसली पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या शाळांवर पैसा आणि लक्ष दोन्ही दिलं गेलं, चांगले शिक्षक टिकले. २०१० नंतरच्या काही वर्षांत बांगलादेशी मुलांनी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांची सरासरी ओलांडली, पाकिस्तानी मुलांनाही मागे टाकलं. धर्म तोच होता. आईवडिलांचं इंग्रजीही फारसं बदललेलं नव्हतं.

शाळेतलं यश पगारात उतरतं का, हा यापुढचा प्रश्न, आणि इथे १९६८ सालचा डॅनियल यांचा निष्कर्ष पुन्हा समोर येतो. २००९ साली ब्रिटिश सरकारने करवून घेतलेल्या एका प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोरं नाव असलेल्याला एक होकारार्थी उत्तर मिळायला ९ अर्ज करावे लागले, आफ्रिकी किंवा आशियाई नावाच्याला १६. ब्रॅडफर्ड आणि ओल्डममध्ये पदवी घेतलेल्या मीरपुरी वंशाच्या मुली आता आयांच्या मानाने कितीतरी जास्त संख्येने नोकरी शोधत आहेत. आया कामाला गेल्या नाहीत त्याला पडदा कारण होता असं म्हणता येतं. मुलीच्या सोळाव्या अर्जाला ते कारण पुरत नाही.

म्हणून भारतीय विरुद्ध पाकिस्तानी ही तुलना आता पुरे करावी असं मला मनापासून वाटतं. करायचीच असेल तर लंडनमधल्या पाकिस्तानी मुलांची आणि ब्रॅडफर्डमधल्या पाकिस्तानी मुलांची करावी. लंडनमधली मुलं शाळेत सरस ठरतात. त्यांचा धर्म एक, आणि पुष्कळांची मूळ गावंही फार दूरची नाहीत. वेगळी आहे ती शाळा, बसचा मार्ग, आणि त्या मार्गाच्या शेवटी असलेली नोकरी.