गळाविना फेक

जड लुअर, म्हणजे गळ लावलेलं कृत्रिम आमिष, लांब फेकण्यासाठी घेतलेल्या नव्या रॉडची पहिली परीक्षा पाण्यावर नाही, मोकळ्या मैदानात घ्यावी. लुअरचे गळ काढून ठेवायचे, नाहीतर तेवढ्याच वजनाचं शिसं बांधायचं. मुठीच्या वर वजनाची मर्यादा छापलेली असते, समजा 40 ते 100 ग्रॅम. हलक्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. वजन कमी पडलं तर रॉड वाकतच नाही, फेक नुसत्या दंडाच्या जोरावर जाते आणि जवळच पडते. जास्त झालं तर रॉड वाकलेलाच राहतो, वेळेवर सरळ होत नाही. या दोन्हींच्या मधे एक वजन असं सापडतं की रॉड पार बुंध्यापर्यंत ताण घेतो, क्षणात मोकळा होतो, आणि रिळावरून दोरी सरसर सुटत राहते. पुण्याहून कोकणात जिताडा आणि तांबच्या मागे जाणाऱ्यांना या शोधातली गोडी चांगली ठाऊक आहे.

या सगळ्यात मासा कुठेच नाही. युरोपात तर मैदानावरच्या फेकीच्या स्पर्धा होतात; तिथे शिसं पाव किलोमीटरच्याही पलीकडे जातं, फेक मोजपट्टीने मोजतात आणि कुणाच्या ओठात काही रुतत नाही. आपल्याकडच्या कथेतही अर्जुनाने स्वयंवरात वेधला तो मासा यंत्रावरचा होता. कौशल्य पूर्ण, पण कुणाचा जीव गेला नाही. मग ज्याला फेकीचा आनंद हवा आहे त्याने लुअरला गळ लावावाच का, हा प्रश्न धर्माचा होतो.

पुण्याच्या नारायण पेठेत या प्रश्नाला एक उत्तर हाताशी आहे. 1905 साली टिळकांनी घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, इथेच आहे. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळक अहिंसेचाही विचार करतात. पाण्यात, हवेत, फळात सूक्ष्म जीव भरलेले असताना हिंसा पूर्णपणे टाळणार कोण, हा महाभारतातला युक्तिवाद ते पुढे ठेवतात. कर्माची किंमत बाहेरच्या कृतीवर नाही, कर्त्याच्या बुद्धीवर ठरते, ही त्यांची मूळ भूमिका.

पकडलेला मासा परत सोडणारे शौकीन हाच आधार घेतात. आमचा हेतू मारण्याचा नाही, आम्ही तर सोडून देतो, असं ते म्हणतात. पण हेतूची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर ती त्यांच्याच विरुद्ध जाते. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो, पण कौशिक ब्राह्मणाला तो असं सांगत नाही की माझं काम निर्दोष आहे. ते घोर आहे हे तो मान्य करतो, आणि त्यामागे वंशपरंपरेने आलेला व्यवसाय आहे, घर आहे, वृद्ध आईबाप आहेत. कोळ्याच्या जाळ्यामागे चूल असते. मासा खेळवून सोडून देणाऱ्याच्या गळामागे त्या माशाची धडपड अनुभवण्याची इच्छा असते, आणि तोच त्याचा हेतू.

स्वित्झर्लंडने या विचाराला कायद्याचं रूप दिलं. तिथल्या 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार केवळ सोडून देण्याच्या इराद्याने मासा गळाला लावायला मनाई आहे. खाण्यासाठी पकडा, पण खेळण्यासाठी नको. आपल्या कानाला हे उलटं वाटतं, कारण आपण जीव वाचला की पाप टळलं असं धरून चालतो. पण माशाला झालेल्या वेदनेचा हिशेब त्यात येतच नाही. 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठांत आम्ल टोचलेले मासे ओठ तळच्या खड्यांवर घासत होते. माशाला ‘दुःख’ होतं का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण ते ओठ घासणं डोळ्याआड करता येत नाही.

शौकिनांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, आणि ती वजनदार आहे. दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने 1839 साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. त्याच महसीरची पिल्लं टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात गेली अनेक दशकं वाढवली जातात. या माशाबद्दलची ओढ टिकवण्यात गळवाल्यांचा वाटा आहेच. पण महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकऱ्यांनी देवीचे म्हणून महसीर राखले, त्यासाठी कुणाला गळ टाकावा लागला नाही.

मग गळ काढला की हात स्वच्छ झाले का? इथे जैन विचार अधिक नेमका आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, धरला आहे. मारण्याची इच्छा नसली तरी निष्काळजीपणाचा दोष लागतोच. जड फेकीत हे अगदी शब्दशः खरं आहे. पुढे लीडर, म्हणजे शिशाआधीची जाड दोरी, हवी, दर औंसामागे दहा पौंड ताकदीची, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. 100 ग्रॅमला साधारण 16 किलो. बारीक दोरी थेट शिशाला बांधली आणि ती फेकीच्या मध्यात तुटली, तर ते शिसं गोळीसारखं कुठेही जातं. पुण्यात भिडे पुलाखालच्या नदीपात्रात, जिथे गाड्या उभ्या असतात आणि माणसं फिरायला येतात, तिथे असली चाचणी करणं हा उघड प्रमाद आहे, मग लुअरला गळ असो वा नसो.

आणि तुटलेलं शिसं पाण्यात पडलं तर ते तिथेच राहतं. तळातून अन्न टिपणारे हंस शिसं गिळून मरतात हे दिसल्यावर इंग्लंडमध्ये 1987 साली, अगदी बारीक छर्रे सोडून, 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. त्याहून जड वजनं बंदीबाहेर राहिली, आणि लांब फेकीला लागतात ती नेमकी तीच.