श्रोत्यांविना वादन

दिवसभराची कामे आटोपल्यावर दार लोटून घेऊन एखादा मनुष्य गिटारीवर जॅझ वाजवीत बसतो. त्याला कार्यक्रम करावयाचा नसतो की उपासनेत साथ द्यावयाची नसते. अशा वादनाचा कोणाला काय उपयोग, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात येईल. जमिनीत पुरून ठेवलेल्या तालंताचा दाखलाही कोणी पुढे करील. ज्या आनंदात दुसरा कोणी वाटेकरी नाही, तो आनंद स्वार्थी म्हणावा काय?

विजेविना वाजणाऱ्या साध्या गिटारीचा आवाज मुळातच बेताचा. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यात तो बुडून जातो. म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस चार्ली ख्रिश्चनसारख्या वादकांनी विजेची गिटार जवळ केली. फ्रेडी ग्रीन मात्र साध्याच गिटारीशी एकनिष्ठ राहिला. १९३७ साली तो काऊंट बेसीच्या वाद्यवृंदात आला आणि, मधला थोडा काळ सोडला तर, १९८७ साली मरेपर्यंत तेथेच होता. एकट्याने पुढे येऊन तो क्वचितच वाजवी. मात्रेमात्रेला एकेक आघात, एवढेच त्याचे काम. श्रोत्याला त्याची गिटार वेगळी अशी फारशी ऐकू येत नसे. पण साऱ्या वृंदाची लय तिच्यावर तोलली जाई. तथापि हे उदाहरण आपल्या प्रश्नाला पुरे पडत नाही, कारण ग्रीन सोबत्यांसाठी वाजवीत होता. बंद खोलीतील वादकाला सोबती कोठून?

मला वाटते, ती चालच त्याची सोबती. जॅझमधील पुष्कळशा चाली बत्तीस बारांच्या. चाल एकदा वाजवून झाली की तिच्याखालील ठरलेल्या स्वरसंगतींवर वादकाने तत्क्षणी नवे स्वर रचावयाचे. हे स्वातंत्र्य खरे, पण मोकाट नव्हे. संगती बदलण्याची जागा कोणासाठी थांबत नाही. ऐकणारा कोणी नसताना अवघड जागा गाळावी, लय सैल सोडावी, हा मोह मोठा, आणि जाब विचारणारा कोणी नाही. तरीही जो मागे जाऊन ती जागा पुन्हा नीट वाजवितो, तो स्वतःला गोंजारीत आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या इच्छेपुढे न वाकणाऱ्या गोष्टीकडे तो लक्ष देत असतो. (टाळ्यांसाठी वाजविणारा पुष्कळदा एवढेही देत नाही.)

शेजारच्या खोलीतून आजारी आईने हाक मारली तर गिटार खाली ठेवावी, हे सांगावयास नको. पण तशी हाक नसेल, तर त्या अर्ध्या तासाचा हिशेब त्याच्याकडे मागण्याचा आपणांस अधिकार आहे, असे मला वाटत नाही.